हेब्डन ब्रिज: वाटा राखणारं गाव

"हे रान कुणाचं गं?" आईनं विचारलं. "आपण न विचारता शिरलो. त्यानं हटकलं म्हंजे?"

इंग्लंडमधल्या हेब्डन ब्रिजच्या वरच्या अंगाला हेप्टनस्टॉल नावाचं गाव आहे. त्याच्या पुढे, डोंगराच्या खांद्यावरच्या मेंढ्यांच्या कुरणातून आम्ही मायलेकी चाललो होतो. समोर दगडी गडगा होता. गडग्यातूनच बाहेर आलेले तीन लांब दगड पायऱ्यांसारखे बसवलेले, आणि शेजारच्या लाकडी खांबावर एक छोटा पिवळा बाण. आई जन्मभर शेतात राबलेली. दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा तर आधी हाळी द्यायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. मी तिला बाण दाखवला आणि म्हटलं, "रान त्याचं, पण वाट सगळ्यांची. तो आपल्याला अडवू शकत नाही." ती गडगा चढून उतरली, पण पुढचं अख्खं कुरण ओलांडेपर्यंत दर चार पावलांवर त्या शेतघराकडे बघत राहिली.

मी अकरा वर्षं लीड्सला राहते. इथून पाऊण तासाच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या या गावात मी किती वेळा चालायला गेले, त्याची मोजदाद नाही. हे प्रकरण लिहायला मात्र निमित्त झालं माझ्या दादाचं. आमचं गाव अकोले तालुक्यात, एका घाटवाटेच्या तोंडाशी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ट्रेकला येणाऱ्यांना दादा-वहिनी पिठलं-भाकरी, चहा देतात, ओसरीवर झोपायला जागा देतात. त्यानं फोनवर विचारलं होतं, "तुझ्याकडे एवढी माणसं नुसती चालायला येतात म्हणतेस. त्या गावानं असं काय केलं?" तेव्हा मी पाटी, नकाशा, इंटरनेटवरचं पान असलं काहीबाही सांगितलं. ते उत्तर चुकीचं होतं. नीट उत्तर द्यायचा हा प्रयत्न आहे.

खोरं आणि त्यातल्या वाटा

हेब्डन ब्रिज इंग्लंडच्या उत्तर भागात, वेस्ट यॉर्कशरमध्ये, कॅल्डर नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. हॅलिफॅक्सपासून पश्चिमेला १३ किलोमीटर. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. हेब्डन वॉटर नावाची लहान नदी इथं कॅल्डरला मिळते. तिच्यावर साधारण १५१० साली बांधलेला दगडी पूल अजून वापरात आहे, त्यावरूनच गावाचं नाव पडलं. खोरं इतकं अरुंद की नदी, कालवा, रस्ता आणि रेल्वे एकमेकांना खेटून जातात. घरांना सपाट जागाच उरली नाही, म्हणून लोकांनी घरावर घर चढवलं: खालच्या घराचं दार खालच्या गल्लीत, वरच्या घराचं दार मागच्या अंगाला वरच्या गल्लीत. डोंगरउतारावर अशा काळपट दगडी घरांच्या रांगा आहेत.

गाव वाढलं ते कापडावर. फस्टियन म्हणजे जाड, टिकाऊ सुती कापड. कॉर्डरॉय त्याच घराण्यातलं. ते इथं विणलं जाई, कातरलं जाई आणि कामगारांसाठी त्याच्या विजारी शिवल्या जात. म्हणून या गावाला 'ट्राउझर टाउन' म्हणत. विसाव्या शतकात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. रिकामी घरं, पडके कारखाने, तरुण पोरं बाहेरगावी. सत्तरच्या दशकात स्वस्त घरं शोधत कलावंत, लेखक, कारागीर इथं येऊन राहिले आणि गावाचा तोंडवळा बदलू लागला. हा भाग इथं पुष्कळदा आणि सविस्तर सांगितला जातो. मला त्याच्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या वाटा, कारण त्या कलावंतांच्याही आणि गिरण्यांच्याही आधीच्या आहेत.

गिरण्या खाली पाण्याकाठी आल्या त्याआधी विणकर वर डोंगरावर राहत. हेप्टनस्टॉल हे असंच विणकरांचं गाव. मागावर उजेड पडावा म्हणून तिथल्या जुन्या घरांना वरच्या मजल्यावर ओळीनं खिडक्या आहेत. वाडी-वाडीतून हेप्टनस्टॉलच्या कापडबाजाराला, चर्चला, पाणवठ्याला, नंतर खालच्या गिरणीला अशा शेकडो पायवाटा पडल्या. लांबचा माल तट्टांच्या पाठीवरून यायचा. चिखलात खूर रुतू नयेत म्हणून त्या वाटांवर एकापुढे एक लांबट फरश्या घातलेल्या असत. त्यांना इथं 'कॉझी स्टोन' म्हणतात. दोन-तीनशे वर्षांच्या खुरांनी आणि बुटांनी त्या फरश्या मधोमध खोलगट झाल्या आहेत. पाऊस पडून गेला की त्या खळग्यांत पाणी चकाकतं. चुना वाहणाऱ्यांच्या एका वाटेला अजून लाइमर्स गेट म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लमाणांचे तांडे आठवले. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून ते आपल्या घाटांनी असेच चढत-उतरत. नाणेघाटाची फरसबंदी ज्यानं पाहिली आहे, त्याला हे दगड अनोळखी वाटणार नाहीत.

थोडक्यात, या वाटा हौशीनं हिंडायला केलेल्या नव्हत्या. पोटामागे धावणाऱ्यांनी पाडल्या. पोटाचं साधन बदललं तशा त्या मोडून जायच्या, गवताखाली जायच्या. आपल्याकडे रस्ता आला की जुनी घाटवाट दहा वर्षांत करवंदीच्या जाळीत हरवते, तसंच. इथं तसं झालं नाही, याचं पहिलं कारण कागद हे आहे.

वाटेचा कागद

२४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काहीशे तरुण, बहुतेक कामगार, किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम चढून गेले. ते पठार शिकारीसाठी राखलेलं होतं आणि तिथं पाय ठेवायला मनाई होती. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. गिरणीत आठवडाभर धूर खाणाऱ्या माणसाला रविवारी डोंगरावर जायचा हक्क आहे की नाही, हा त्या भांडणाचा विषय होता. १९४९ साली जो कायदा झाला, त्यानं प्रत्येक भागातल्या सार्वजनिक वाटा शोधून नकाशावर नोंदवायचं काम स्थानिक प्रशासनांवर टाकलं. या नकाशाला 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणतात. त्यात एकदा वाट नोंदली गेली की ती सार्वजनिक आहे याचा तो पक्का पुरावा. जमीन विकली, वारसानं गेली, मालक बदलला, तरी वाट तिथंच राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा नोंदलेल्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत, आणि कॅल्डरच्या खोऱ्यात त्यांचं जाळं फार दाट आहे.

नोंदीबरोबर जबाबदाऱ्याही वाटून दिलेल्या आहेत, आणि मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. वाटेचा पृष्ठभाग राखणं कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाचं काम. गडग्यावरच्या पायऱ्या आणि फाटकं राखणं जमीनमालकाचं काम, त्याच्या खर्चाचा काही हिस्सा कौन्सिलनं द्यायचा. शेत नांगरलं आणि त्यातून पायवाट जात असेल, तर मालकानं ती निदान एक मीटर रुंद पुन्हा मोकळी करून द्यायची. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा. आईला मी संध्याकाळी चहा पिताना हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे आपल्या पाणंदीसारखं. पण आपली पाणंद निम्मी खाल्ली ना त्या लोकांनी."

तिच्या त्या वाक्यावर मी पुढे येते.

गावानं काय ठरवलं

२००१ साली ब्रिटनमध्ये जनावरांत लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. रोग पसरू नये म्हणून देशभरातल्या पायवाटा कित्येक महिने बंद ठेवल्या गेल्या. त्या काळात ग्रामीण भागातल्या खानावळी, दुकानं, मुक्कामाची घरं रिकामी पडली आणि तोवर कुणी नीटसं न मोजलेली एक गोष्ट उघडी झाली: चालायला येणारा माणूस, जो खिशात फार पैसे घेऊन येत नाही आणि भपका करत नाही, तो गावांच्या संसारात बराच मोठा वाटेकरी होता.

हेब्डन ब्रिजला आणखी एक अडचण होती. पेनाइन वे हा ब्रिटनचा पहिला राष्ट्रीय पदमार्ग, ४३१ किलोमीटरचा, किंडरच्याच तारखेला, २४ एप्रिल १९६५ रोजी खुला झालेला. तो खोरं ओलांडतो ते गावाच्या साधारण दोन किलोमीटर पश्चिमेला. म्हणजे पाठीवर सॅक घेतलेली माणसं एका उतारानं खाली यायची, रस्ता-कालवा-नदी ओलांडायची आणि समोरच्या चढाला लागायची. गाव त्यांना दिसायचंही नाही. १९७८ मध्ये सुरू झालेला ८० किलोमीटरचा कॅल्डरडेल वे हा गोल मार्गही डोंगरकडांनी फिरतो. म्हणजे चालणारे आजूबाजूला होते. गावात उतरत नव्हते.

२००७ साली गावातल्या काही चालणाऱ्यांनी, दुकानदारांनी आणि रहिवाशांनी मिळून 'वॉकर्स आर वेलकम' म्हणजे 'चालणाऱ्यांचं स्वागत' ही कल्पना मांडली, आणि हेब्डन ब्रिज त्या नावाचं पहिलं गाव झालं. आज ब्रिटनभर अशी शंभराहून जास्त गावं आहेत. हे नाव लावायचं तर गावानं काही गोष्टी दाखवून द्याव्या लागतात. रहिवाशांचा आणि दुकानदारांचा खरा पाठिंबा. स्थानिक कौन्सिलची औपचारिक संमती. वाटा चांगल्या स्थितीत राहतील याची व्यवस्था. येणाऱ्याला माहिती मिळण्याची सोय. बस-रेल्वेनं येण्याला उत्तेजन. आणि हे सगळं पहिल्या उत्साहानंतरही चालू ठेवणारी माणसं.

यातली तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पर्यटनाच्या नेहमीच्या योजनेत गाव स्वतःची जाहिरात करतं. इथं गावानं पाहुण्याला शब्द दिला की तू येशील तेव्हा वाट चालण्याजोगी असेल. असा शब्द दिला की जाहिरातीनं भागत नाही, कुदळ हातात घ्यावी लागते.

याच माणसांनी पुढे पेनाइन वेला गावातून जाणारा एक फेरा जोडून दिला. हेब्डन ब्रिज लूप म्हणतात त्याला. मुख्य मार्ग सोडायचा, गावात उतरायचं, मुक्काम करायचा, खायचं-प्यायचं, आणि वरच्या अंगानं पुन्हा मुख्य मार्गाला लागायचं. काही नवीन बांधलं नाही. जुन्याच नोंदलेल्या वाटा निवडल्या, दुरुस्त केल्या आणि त्यांवर खुणा लावल्या. गावाबाहेरून निघून जाणारा माणूस गावात आला.

शत्रू पाणी

वाटा दुरुस्त कोण करतं? कायद्यानं कौन्सिल. पण २०१० नंतर ब्रिटनमधल्या स्थानिक प्रशासनांच्या खर्चाला मोठी कात्री लागली, आणि अशा वेळी पायवाटांचा नंबर शेवटचा लागतो. हेब्डन ब्रिजमधल्या चालणाऱ्यांनी यावर उपाय म्हणून स्वयंसेवकांचं एक पथक उभं केलं. त्याचं नाव क्रोज. ते कौन्सिलच्या संमतीनं आणि त्यांच्याशी बोलून काम करतं: कुठली वाट, काय बिघडलंय, कोणतं सामान लागेल, मालकाला विचारलंय का.

मी त्यांच्याबरोबर तीनदा कामाला गेले. पहिल्या दिवशी वाटलं होतं की पायऱ्या बसवायच्या असतील, काहीतरी दिसण्याजोगं. आम्ही दिवसभर चर खणले. जंगलातून उतरणारी एक वाट होती, तिच्यावरून पावसाचं पाणी वाहून मधली माती निघून गेली होती आणि वाटेचा ओढा झाला होता. माणसं मग चिखल टाळायला कडेनं चालतात, कड ढासळते, वाट रुंदावते, गवत मरतं, आणखी माती जाते. आमच्याबरोबरचे एक सत्तरीतले गृहस्थ, आयुष्यभर इमारतीच्या कामावर गेलेले, त्यांनी मला समजावलं की वाटेचं काम म्हणजे दहापैकी आठ भाग पाण्याचं काम. वरच्या बाजूनं येणारं पाणी वाटेवर येण्याआधी चरात घ्यायचं. जे वाटेवर आलंच, त्याला तिरका दगड आडवा घालून खालच्या बाजूला काढून द्यायचं. दगड काटकोनात घातला तर पाणी तुंबतं आणि दगडाखालून पोखरतं. तिरका घातला तर ते आपणहून बाजूला होतं. मग पायऱ्या, मग मुरूम. ज्यानं भाताच्या खाचरांचं पाणी वळवलं आहे, त्याला हे नव्यानं शिकायला नको.

दुसऱ्या वेळी आम्ही एक पायऱ्यांचा गडगा काढून तिथं फाटक बसवलं. इथं 'किसिंग गेट' नावाचं फाटक असतं: अर्धगोल कठड्यात झुलणारं, माणूस वळसा घेऊन निघून जातो, मेंढी मात्र अडकते. गडगा चढणं तरुणाला काहीच नाही; पण गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या तीन पायऱ्यांपाशी अख्खी वाट संपते. मालक तयार होता, कारण पायऱ्यांवरून उड्या मारताना लोक त्याच्या गडग्याचे दगड पाडत होते. फाटकानं त्याचाही फायदा झाला. अशा ठिकाणी मला स्वागत या शब्दाचा अर्थ कळला.

गावात मग काय मिळतं? फार काही थोर नाही, आणि तेच बरोबर आहे. स्टेशनात उतरलं की दहा मिनिटांत चालण्याची वाट सुरू होते. १८४० सालापासून इथं रेल्वे आहे, लीड्स आणि मँचेस्टर दोन्हीकडून थेट गाडी. मोटार नसलेला माणूस पाहुणा होऊ शकतो, ही या गावाची मोठी श्रीमंती. चहाच्या दुकानात चिखलाच्या बुटांनी गेलं तर कुणी कपाळाला आठी घालत नाही. छोट्या दुकानांची संख्या मोठी आहे, आणि काही गोष्टी लोकांनी मिळून चालवल्या आहेत. २०१४ पासून इथला एक पब, फॉक्स अँड गूस, गावकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे. साखर कारखाना आणि दूध संघ पाहून वाढलेल्या माणसाला सहकारी पब ऐकून गंमत वाटते खरी, पण त्याचा अर्थ सोपा आहे: पाहुण्याचा पैसा गावातच फिरतो.

नवख्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मी स्वतः भोगली आहे. पहिल्याच डिसेंबरात मी स्टूडली पाइकला निघाले. डोंगरमाथ्यावरचा ३७ मीटर उंचीचा दगडी मनोरा आहे तो, १८५६ साली पुन्हा बांधलेला, खोऱ्यात कुठूनही दिसणारा. दिसतो म्हणून वाटेचा विचार केला नाही. दुपारी दोनला धुकं उतरलं आणि मनोरा नाहीसा झाला. चारच्या आत अंधार. सह्याद्रीतली सवय घेऊन आलेल्या माणसाला हिवाळ्यातला हा दिवसाचा तोकडेपणा अंगवळणी नसतो. एका गडग्याचा हात धरून उतरत राहिले, फाटक लागलं, फाटकावर बाण होता. त्या बाणानं मला खाली आणलं.

सायकलवाल्यांचं अर्धं स्वागत

६ जुलै २०१४ रोजी टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा यॉर्कहून शेफील्डला जाताना या गावातून गेला आणि पुढे क्रॅग व्हेलचा चढ चढला. जवळपास ९ किलोमीटर सलग चढणारा हा रस्ता इंग्लंडमधला सगळ्यात लांब अखंड चढ मानतात. उंची भरते तीनशे मीटरला थोडी कमी. आपल्याकडच्या घाटांपुढे ती काहीच नाही, पण एकदाही उतार न येणारा चढ वेगळाच दम काढतो. तेव्हापासून सडकेवरचे सायकलस्वार इथं नेमानं येतात.

तरी माझं मत असं की सायकलवाल्यांना या गावानं अर्धंच स्वागत दिलंय, आणि त्याचं मूळ गावात कमी, कायद्यात जास्त आहे. १९६८ च्या कायद्यानं सायकलींना घोडेवाटांवर, म्हणजे निळ्या बाणाच्या वाटांवर जायची मुभा दिली. चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायच्या अटीवर. पिवळ्या बाणाच्या पायवाटांवर मात्र सायकलला हक्क नाही. देशातल्या एकूण नोंदलेल्या वाटांपैकी सायकलला खुल्या आहेत त्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे चालणाऱ्याला खोऱ्यात दर वळणावर तीन पर्याय, सायकलवाल्याला एखादाच, आणि तोही कधी कधी मध्येच पायवाट होऊन संपणारा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या वाटेनं तट्टू जात होतं की नुसती माणसं, यावर आज तुमची सायकल जाणार की नाही हे ठरतं.

दोन गोष्टी मात्र चांगल्या आहेत. एक, पेनाइन ब्रिडलवे, जो घोडे आणि सायकली डोळ्यापुढे ठेवूनच आखला गेला. त्याचा ७५ किलोमीटरचा मेरी टाउनली लूप या डोंगरांतून फिरतो. दुसरी, रॉचडेल कालव्याची काठवाट. १८०४ साली पूर्ण झालेला हा कालवा मध्यंतरी बुजत चालला होता, २००२ मध्ये पुन्हा अखंड खुला झाला. बोटी ओढणारे घोडे ज्या काठानं चालत, त्या सपाट वाटेवर आता लहान मुलं सायकल शिकतात. वाट अरुंद आहे, पुलाखाली वाकावं लागतं, आणि रविवारी चालणारे, कुत्री, सायकली सगळे तिथंच येतात. घंटी वाजवून हळू होणारे असतात, तसे न होणारेही. गावाला चालणाऱ्यांची भाषा जितकी जमली तितकी सायकलवाल्यांची अजून जमलेली नाही.

याची किंमत

२६ डिसेंबर २०१५ रोजी कॅल्डरला मोठा पूर आला. गावातल्या दुकानांत, घरांत पाणी शिरलं. त्याआधी २०१२ च्या उन्हाळ्यात पूर आले होते आणि पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा आला. उघड्या बोडक्या माळांवरून पाणी धाडकन खाली येतं आणि अरुंद खोऱ्यात त्याला पसरायला जागा नसते. पुरानंतर स्लो द फ्लो नावाखाली स्वयंसेवक जमले आणि हार्डकासल क्रॅग्जच्या जंगलात, जिथं चालायला सगळ्यात जास्त माणसं येतात, ओढ्यांवर लाकडाचे झिरपते बांध घालू लागले. ओंडके आडवे टाकायचे, एरवीचं पाणी खालून जाऊ द्यायचं, पुराचं पाणी थोडं थोपवायचं. असे शेकडो बांध झाले. मला यात वाटांच्या कामाचाच धागा दिसतो. ज्या गावाला शनिवारी कुदळ घेऊन जमायची सवय होती, त्याला पुरानंतर काय करायचं हे कुणी शिकवावं लागलं नाही.

दुसरी किंमत सावकाश वाढते. गाव नावारूपाला आलं, घरं महाग झाली. काही घरं सुट्टीपुरती भाड्यानं देण्यासाठी घेतली गेली. चहाच्या दुकानात काम करणारी मुलगी त्याच गल्लीत राहू शकत नाही, ती शेजारच्या गावातून बसनं येते. उन्हाच्या रविवारी हार्डकासल क्रॅग्जच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते, कारण रेल्वे असली तरी सगळे रेल्वेनं येत नाहीत. स्वागताच्या अटींत बस-रेल्वेचा आग्रह होता तो उगाच नव्हता.

तिसरी किंमत शेतकऱ्याची, आणि ती आईनं दाखवेपर्यंत मी नीट पाहिली नव्हती. ती मे महिन्यात आली होती. कुरणात कोकरं होती. समोरून एक जोडपं आलं, त्यांचा कुत्रा मोकळा. तो नुसता उत्साहानं धावला, पण सगळा कळप एका कोपऱ्यात दाटला. आई जागीच थांबली. "ह्याचं नुकसान झालं तर भरून कोण देणार? वाट सगळ्यांची म्हणतेस, मग मेंढरं कुणाची?" कायदा इथं मेंढपाळाच्या बाजूचा आहे, कुत्रा बांधून न्या अशा पाट्याही आहेत. पण पाटी वाचणारा आणि न वाचणारा, दोघेही त्याच फाटकातून येतात. फाटकं उघडी टाकणं, पाण्याच्या बाटल्या, गडग्याचे पडलेले दगड: हा सगळा हिशेब त्या एकट्या घराच्या खात्यावर जातो, आणि चहाचे पैसे मात्र खाली गावात पडतात. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. खोऱ्यातल्या दुकानदाराला चालणारा हवासा वाटतो. डोंगरावरच्या शेतकऱ्याला तो हवासा वाटावा असं फार थोडं केलं गेलंय.

दादाला दिलेलं उत्तर

आई परत गेल्यावर मी दादाला फोन केला आणि म्हटलं, "पाटीचं राहू दे. आधी आपल्या वाटेचा कागद काढ."

आपल्याकडे कागद नाही असं नाही. गाव नकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं आणि पायवाट तुटक एकेरी रेघेनं दाखवलेली असते. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं १४३ वं कलम आहे. शेतकऱ्यांना ही कलमं तोंडपाठ असतात, कारण पाणंदीची भांडणं घरोघर आहेत. पण हे सगळं शेतात जायच्या वाटेसाठी वापरलं जातं. वाडीतून खिंडीत चढणारी, पलीकडे कोकणात उतरणारी जुनी वाट कुणाच्या शेतात जात नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी अर्ज करत नाही. ट्रेकला येणारे ती वापरतात, त्यांना वाटतं ती निसर्गानंच केलेली आहे.

दादानं भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढली. वाट होती. वाडीच्या देवळापासून वनहद्दीपर्यंत, तुटक एकेरी रेघ. त्या रेघेवर आज दोन ठिकाणी तारेचं कुंपण आहे, बाहेरून येऊन जमीन घेतलेल्यांचं. दादा भांडायला गेला नाही. नकाशा घेऊन गेला, ग्रामसभेत वाचून दाखवला, आणि दोघांपैकी एकानं कुंपण चार हात मागे घेऊन तिथं फाटक बसवू दिलं. दुसऱ्याशी बोलणं अजून चालू आहे. वनहद्दीच्या वरच्या भागात काही करायचं तर वनखात्याची परवानगी लागते, तिथं त्यानं हात लावलेला नाही.

त्याला मी पाण्याचंही सांगितलं होतं. तो म्हणाला, "ते मला कशाला शिकवतेस?" पुढच्या मे महिन्यात वाडीतल्या आठ-नऊ जणांनी दोन रविवार श्रमदान केलं. ज्या घराच्या खळ्यातून वाट जाते, त्या तात्यांना आधी विचारलं. सीझनमध्ये जेवणाच्या पैशांतून दर ताटामागे काही रक्कम त्यांच्याकडे जायची, असंही ठरलं. ही कल्पना आईची. चर खणले, देवळामागच्या उतारावर सात दगड तिरके बसवले.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात दादानं फोटो पाठवला. दर वर्षी त्या उतारावर गुडघाभर घळ पडायची. या खेपेला तांबडं पाणी दगडांना लागून बाजूच्या चरात वळलेलं दिसत होतं. सातवा दगड तेवढा निखळून पडला होता. तो जरा जास्त तिरका बसवायला हवा होता, असं त्यानं खाली लिहिलं होतं.